हॅम्बुर्ग १८९२: दोष स्थलांतरितांचा की नळाचा?

असं म्हणतात की १८९२चा जर्मनीतल्या हॅम्बुर्गचा कॉलरा रशियातून अमेरिकेला निघालेल्या ज्यू स्थलांतरितांनी आणला. जंतू त्यांच्याबरोबर आले असणं शक्य आहे, पण सुमारे ८,६०० माणसं त्याने मेली नाहीत. मेली ती नळाच्या पाण्याने.

हॅम्बुर्ग एल्ब नदीचं पाणी शहराच्या वरच्या अंगाला उचलायचं, न गाळता. भरतीत सांडपाणी उलटं वर चढायचं, त्यात त्या उन्हाळ्यात नदी आटलेली. शेजारचं आल्टोना शहर तर हॅम्बुर्गची सगळी घाण मिसळल्यानंतरचं पाणी घ्यायचं, पण वाळूतून संथ गाळून. तिथे साथ फारशी पसरलीच नाही. हद्दीवरच्या रस्त्यांवर हॅम्बुर्गच्या बाजूची घरं आजारी, समोरची बरी! हॅम्बुर्गच्या हद्दीतल्या, पण आल्टोनाचं पाणी असलेल्या चाळीही वाचल्या.

इथे खरं काम निव्वळ वाळू करत नाही, तिच्यावर जमणारा जीवाणूंचा चिकट थर करतो. म्हणून जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने गाळण्याचा वेग तासाला १०० मिलिमीटरच्या आत ठेवायला सांगितलं, शिवाय प्रत्येक गाळणीचं पाणी रोज तपासायचं आणि घन सेंटिमीटरमागे १००हून कमी जीवाणू हवेत. साफसफाईसाठी थर खरवडला की गाळणी काही दिवस कच्चीच असते. त्याच हिवाळ्यात आल्टोनाच्या गाळण्या गोठल्या, साफसफाई बिघडली आणि १८९३च्या सुरुवातीला तिथेही कॉलरा निघाला. तेव्हा स्थलांतरितांवर खापर फोडायची सोय नव्हती.

हॅम्बुर्गचं गाळणी केंद्र मे १८९३मध्ये सुरू झालं.