शब्दचर्चा : ‘प्रीफिक्स सम’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (दादर) : प्रोग्रॅमिंगमधल्या अ‍ॅरेच्या (ओळीने मांडलेल्या आकड्यांच्या) कोड्यांमध्ये पहिल्या घरापासूनची बेरीज प्रत्येक पायरीला लिहीत जातात. हीच ‘प्रीफिक्स सम’. तिला काही जण ‘उपसर्ग बेरीज’ म्हणतात. मुलांना शिकवताना कोणता शब्द वापरू?

उत्तर (मुलुंड) : ताई, ‘उपसर्ग’ नकोच. तो व्याकरणातला शब्द, शिवाय ‘उपसर्ग पोचणे’ म्हणजे त्रास होणे. दहावीपर्यंतच्या मुलांना ‘संचित वारंवारता’ ठाऊक असते, म्हणून ‘संचित बेरीज’ लगेच कळेल. ‘सरकती बेरीज’ मात्र म्हणू नका, ती ठरावीक रुंदीच्या खिडकीची, म्हणजे सलग ठरावीक इतक्याच आकड्यांची. तिथे मागचा आकडा गळतो, इथे काहीच गळत नाही.

उत्तर (गिरगाव) : माझे मत ‘चालू शिल्लक’. बँकेच्या पासबुकातला शेवटचा रकाना पाहा, तीच ही बेरीज. जमा अधिक, नावे उणे, त्यामुळे ऋण आकडेही आपोआप बसतात. मुख्य म्हणजे कीर्दीत ‘आरंभीची शिल्लक’ आधी लिहितात, आणि कोड्यात नेमकी तीच विसरली जाते.

उदाहरण घ्या : ३, ४, −७, २, ५. सलग आकड्यांची बेरीज ७ किती ठिकाणी येते? शिल्लक लिहा : ०, ३, ७, ०, २, ७. आकडे पाच, शिलका सहा. प्रत्येक शिलकेतून ७ वजा करायचे आणि ती वजाबाकी आधी किती वेळा येऊन गेली ते हॅशमॅपमध्ये (कोणती शिल्लक किती वेळा आली याच्या नोंदवहीत) पाहायचे. पहिल्या ७ ला ० एकदा सापडतो, शेवटच्या ७ ला दोनदा. उत्तर ३. आरंभीचा ० हॅशमॅपमध्ये घातला नाही तर उत्तर १ येते, कारण पहिल्या घरापासून सुरू होणारे दोन्ही तुकडे निसटतात.

प्रश्न (दादर) : आणि मधल्याच तुकड्याची बेरीज हवी असेल तर?

उत्तर (गिरगाव) : तुकड्याच्या अखेरची शिल्लक वजा तुकड्याच्या आधीची. दुसऱ्या ते चौथ्या आकड्यासाठी चौथ्यानंतरची २, त्यातून पहिल्यानंतरची ३ गेली, उरले −१. इथे दुसऱ्यानंतरची शिल्लक वजा केली की तुकड्याचा पहिलाच आकडा गळतो. मुले हमखास इथे चुकतात.

उत्तर (मुलुंड) : पटले, ‘आरंभीची शिल्लक’ माझ्या शब्दात येत नाही. दोन गोष्टी जोडतो. आधी हॅशमॅपमध्ये शोधा, मग नोंद करा. उलट केले आणि हवी असलेली बेरीज ० असली, तर प्रत्येक शिल्लक स्वतःलाच सापडते. वरच्या उदाहरणात २ ऐवजी ७ उत्तर येईल. दुसरे, ३२ बिटांच्या चिन्हासह पूर्णांकात (संगणकातल्या संख्येच्या एका नेहमीच्या प्रकारात) २१४ कोटींच्या थोडे वरपर्यंतच मावते. एक लाख घरांत शंभर-शंभर कोटींचे आकडे असले तर तिसऱ्याच घराला शिल्लक त्यात मावत नाही. ६४ बिटांचा प्रकार घ्या.

उत्तर (डोंबिवली) : ऋण आकडे असताना सरकती खिडकी (बेरीज कमी पडली की पुढचा आकडा घ्यायचा, जास्त झाली की मागचा सोडायचा, ही रीत) का चालत नाही हेही मुलांना सांगा. खिडकी रुंद केली की बेरीज वाढेलच, हा तिचा आधार. −७ आला की तो मोडतो.

प्रश्न (दादर) : मग फळ्यावर ‘चालू शिल्लक’ लिहिते, कंसात ‘संचित बेरीज’.