तो गेम कोणता होता? अर्धवट आठवणाऱ्या गेम्सचा धागा

माझ्या डोक्यात कित्येक वर्षं एक चोर फिरतोय. रात्रीची वेळ, एक इमारत, तिच्या खिडक्या आपोआप उघडतात नि मिटतात. काळाकुट्ट चोर खालून उड्या मारत वर चढतो, वरून कुणीतरी त्याच्यावर बूट फेकतं, आणि एखादी उघडी खिडकी साधली की तो आत शिरतो. आत झाडू. झाडू धरणारं कुणी नाही, तो आपला आपणच चालतो आणि चोराच्या मागे लागतो. सगळं गुलाबी आणि आकाशी. नाव आठवत नाही. शेवट आठवण्याचा प्रश्नच नाही, मी तिथवर कधी पोचलोच नाही. 'चोर', 'झाडू', 'चेटकीण' असे सगळे शब्द टाकून शोधून झालं.

तुमच्याकडेही असं काहीतरी अडकलेलं असणार. लिहा. डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या) काळातला असो, नाहीतर कुणा एकट्या माणसाने वर्षानुवर्षं खपून केलेला इंडी गेम असो. सापडला असेल तर कसा सापडला तेही सांगा, आणि त्याच चवीचं दुसरं काही खेळला असाल तर सुचवा. फक्त 'ग्राफिक्स भारी होते' एवढ्यावर थांबू नका. हाताने काय करत होतात? कशाने मरत होतात? माझा अनुभव असा की गेमचं नाव आणि चेहरे सगळ्यात आधी पुसले जातात, मरण्याची पद्धत मात्र शेवटपर्यंत लक्षात राहते.

सुरुवात म्हणून माझा एक सापडलेला गेम. मी त्याला 'अंतराळातली कार रेस' म्हणायचो आणि म्हणूनच तो सापडत नव्हता, कारण त्यात शर्यत नव्हतीच. प्रतिस्पर्धीच नाहीत, तर शर्यत कुणाशी? मग एकदा आठवलं की काही रस्त्यांवर आपलं यान जेमतेम वीतभर उडायचं आणि काहींवर उडालं की लवकर खाली येतच नसे. म्हणजे दर ठिकाणी गुरुत्वाकर्षण वेगळं! तेवढ्यावर लागला: स्कायरोड्स, १९९३. रंगीत फरश्यांचे रस्ते, एका रंगावर यान घसरतं, एकावर मंदावतं, एकावर जळून खाक. इंधन आणि ऑक्सिजन संपायच्या आत पलीकडे पोचायचं. तो ज्यांनी केला त्या एस्टोनियातल्या ब्लूमूनच्या मंडळींनीच पुढे स्काइपची तांत्रिक बांधणी केली, हे कळल्यावर मी दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

* * *

तुमच्या चोराचं नाव मला ठाऊक नाही, पण गुलाबी-आकाशी हा नुसता रंग नाही, ती जवळजवळ तारीखच आहे. १९८१ साली आलेल्या सीजीए कार्डावर (पीसीतलं पडद्यावर चित्र दाखवणारं कार्ड) ३२० × २०० ठिपक्यांच्या पडद्यावर एका वेळी चारच रंग मिळायचे, आणि सगळ्यात जास्त वापरलेला संच म्हणजे काळा, पांढरा, आकाशी, गुलाबी. दुसरा संच हिरवा-लाल-पिवळसर. १९८४ ला त्याहून जास्त रंगांचं ईजीए आलं, १९८७ ला व्हीजीए, आणि मग कुणी आपणहून गुलाबी गल्ली रंगवायच्या भानगडीत पडलं नाही. तेव्हा ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात शोधा.

माझा स्वतःचा किस्सा याच काळातला. जमिनीवर एक तोफ, वरून हेलिकॉप्टर, त्यांतून छत्रीवाले सैनिक. छत्रीला गोळी लागली की माणूस दगडासारखा पडायचा. एवढ्या वर्णनाचे डझनभर गेम निघतील. पण एक गोष्ट मला पक्की आठवत होती: एका बाजूला चार जण सुखरूप उतरले की ते एकमेकांच्या अंगावर चढून मनोरा करायचे आणि तोफ उडवायचे. हे सांगताच उत्तर मिळालं, पॅराट्रूपर, १९८२. लिहिणारे ग्रेग कुपरबर्ग पुढे गणिताचे प्राध्यापक झाले.

एक धोक्याची सूचना. असे गेम आज नुसते चालू केलेत तर काही धड दिसायच्या आत आपण मेलेलो असतो. त्यांतल्या बऱ्याच गेम्सचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला बांधलेला होता. जुन्या डब्यांवर टर्बो नावाचं बटण असायचं ते यासाठीच, आणि नावाच्या अगदी उलट, वेग कमी करायला. डॉसबॉक्समध्ये (आजच्या संगणकावर डॉसचे गेम चालवणारा प्रोग्राम) चालवत असाल तर कंट्रोल आणि एफ ११ ने वेग उतरतो, कंट्रोल आणि एफ १२ ने चढतो.

* * *

दोन माकडं गच्चीवर उभी राहून एकमेकांना केळी मारतात. कोन टाकायचा, वेग टाकायचा. केळं सूर्याला लागलं तर सूर्य आ वासतो.

हा सापडायला मला काहीच कष्ट पडले नाहीत (गोरिलाज, १९९१, एमएस-डॉस ५ मधल्या क्यूबेसिक या प्रोग्रामिंगच्या साधनाबरोबर यायचा), पण लिहितोय कारण गेम सुरू होताना तो गुरुत्वाकर्षण विचारायचा आणि कंसात पृथ्वीचं ९.८ लिहिलेलं असायचं. मी त्यात १ टाकलं. केळं जे वर गेलं ते बराच वेळ परत आलं नाही. शाळेत नंतर हे शिकवलं तेव्हा वर्गात मी एकटाच हसत होतो.

* * *

आमच्या घरी यावरून भावाशी माझं खरोखरचं भांडण झालंय. मी म्हणत होते की त्या गेममध्ये बाणांच्या बटणांनी रेघ ओढत जायचं, मोकळी जागा कापून घ्यायची, आणि रेघ पुरी व्हायच्या आत चेंडू तिला लागला की मेलो. तो म्हणे बाण वगैरे काही नाही, माउसने टिचकी मारली की भिंत दोन्ही बाजूंनी आपोआप वाढत जाते. तुला काही आठवत नाही, असं दोघांनी एकमेकांना पुरेपूर ऐकवून झालं.

दोघंही बरोबर होतो. माझा झोनिक्स, १९८४ चा. त्याचा जेझबॉल, १९९२ च्या मायक्रोसॉफ्ट एंटरटेनमेंट पॅकमधला. दोघांचा आजोबा एकच, तायतोचा १९८१ चा क्विक्स. म्हणून मी तरी आता कुणाच्या आठवणीला 'चूक' म्हणायच्या आधी 'माउस की कीबोर्ड?' एवढं विचारून घेते.

* * *

मी त्याहून पुढचा. मी तीन गेम एकात शिवले होते.

माझी आठवण अशी: एक माणूस पाण्यात पडतो, खालून काहीतरी लांब हात करून त्याला ओढतं. तो वाचतो, जंगलात शिरतो, त्याला स्वतःविषयी काहीच आठवत नाही. मग तो धावत जाऊन एका कड्याला बोटांनी लटकतो, वर चढतो, आणि समोर लोखंडी दार खाडकन खाली येतं. हे सगळं मी सलग खेळलोय, याची मला शंभर टक्के खात्री होती.

पाणी निघालं अनदर वर्ल्डमधलं (१९९१, एरिक शाहीने जवळजवळ एकट्याने केलेला). प्रयोगशाळेवर वीज पडते, शास्त्रज्ञ भलत्याच जगात पाण्यात जाऊन पडतो, आणि तुम्ही 'अरे वा, सुरू झालं वाटतं' म्हणेपर्यंत बुडून मेलेला असतो. मला वाटतं, लोकांना हा गेम लक्षात राहतो तो त्याच क्षणामुळे. पडद्यावर गुण नाहीत, लाइफ नाही, एक अक्षर नाही, काय करायचं ते मरून शिकायचं. उत्तर अमेरिकेत तो आउट ऑफ धिस वर्ल्ड या नावाने आला होता, त्यामुळे एका नावाने शोधणाऱ्याला दुसरं नाव ओळखू येत नाही. जंगल आणि हरवलेली स्मृती १९९२ च्या फ्लॅशबॅकची, तोही डेल्फिन या त्याच फ्रेंच कंपनीचा. आणि कडा व दार अर्थातच प्रिन्स ऑफ पर्शिया, १९८९.

तिन्हींची गल्लत का झाली हे सगळे पुन्हा खेळल्यावर कळलं. तिन्हींत माणूस माणसासारखा चालतो. थांबायला त्याला अर्धं पाऊल जास्त लागतं, उडी मारण्याआधी तो जरा दबतो. प्रिन्स बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने त्यासाठी आपल्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. बाकी गेममधली माणसं तेव्हा सोंगट्यांसारखी सरकत होती, त्यामुळे ही तिघं माझ्या डोक्यात एकाच घरात राहायला गेली असावीत.

याच चवीचं नंतरचं हवं असेल तर लिंबो (२०१०) आणि इनसाइड (२०१६). तिथेही पाण्यापासून जपा.

* * *

प्रिन्सचा विषय निघालाच आहे तर त्या सावलीबद्दल. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारावी लागते आणि आरशातून आपल्यासारखाच एक जण बाहेर पडून पळून जातो. बाराव्या लेव्हलला तो तलवार काढून समोर येतो. मी त्याच्याशी किती वेळा लढलो ते मोजलेलं नाही. त्याला मारलेला प्रत्येक वार मलाच लागायचा. मला ठाम वाटत होतं की माझ्याकडची प्रत खराब आहे, आणि मी नाद सोडला. खूप वर्षांनी कळलं की करायचं काहीच नव्हतं, फक्त तलवार म्यान करून त्याच्याकडे चालत जायचं.

ती सावली आली कुठून, तर गेम ज्यावर बनवला त्या अॅपल टू संगणकाच्या मेमरीत नवा शत्रू ठेवायला जागाच उरली नव्हती. म्हणून नायकाचीच चित्रं जराशी फिरवून वापरली. जागा नव्हती म्हणून केलेली युक्ती, आणि सगळ्या गेममध्ये मला तेवढंच स्वप्नात येतं.

* * *

आता इंडीवाल्यांनी मदत करा. चिमुकला माणूस, इवलासा, शब्द कुठेच नाहीत. खूप मोठं शांत जग. मरणं जवळजवळ नाहीच. संगीत मधेच यायचं आणि मधेच थांबायचं. आजारी असताना दोन दिवसांत संपवला होता, २००७ च्या आसपास. मला आधी सेक्लस वाटला (२००३, नावाचा अर्थ एस्टोनियन भाषेत 'साहस'), पण खेळून पाहिला तर तो नव्हे. त्यातला पांढरा माणूस उड्या मारतो, माझा कशालाही चिकटून चढायचा.

* * *

उभ्या भिंतीवर सरसर चढत असेल तर निट. इंग्रजी नावातलं सुरुवातीचं के अक्षर उच्चारात नाही धरलं तरी चालेल, मी तसंच म्हणते. निफ्लास या टोपणनावाने गेम करणाऱ्याचा, २००६. उडती तबकडी त्याला उचलून नेते, ती कोसळते, आणि तुटलेले भाग गोळा करत हिंडायचं. एक बटण दाबलं की प्रकाशाचा ठिपका जवळच्या भागाची दिशा दाखवतो. हे आठवतंय का?

जुळलं तर पुढे त्याचाच विदिन अ डीप फॉरेस्ट खेळा, त्यात तुम्ही चेंडू असता. केव्ह स्टोरी (२००४) खेळला नसेल तर मात्र आधी तो. दाइसुके अमायाने फावल्या वेळात पाच वर्षं एकट्याने केला आणि फुकट देऊन टाकला. त्यात मरण भरपूर आहे, दोन दिवसांत संपणार नाही.

* * *

ठिपका! हो, ठिपका होता. झालं.

* * *

माझी अडचण वेगळी होती. गेम सापडला, चालवायचा कशावर? पांढऱ्या कपड्यांतला बुटका, शेवाळलेल्या ओंडक्यासारखा ग्रह, दुर्बिणीतून दिसतं की दुसरा ग्रह येऊन आपटणार आहे. सामोरोस्त, २००३, याकुब द्वोर्स्कीने प्रागच्या कला अकादमीत शिकत असताना केलेला. मी तो ब्राउझरमध्ये खेळले होते, फ्लॅशवर (ब्राउझरमध्ये गेम आणि अॅनिमेशन चालवणारं सॉफ्टवेअर). फ्लॅशला अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला रजा दिली आणि त्याबरोबर हजारो छोटे गेम उघडेनासे झाले. सामोरोस्तसारख्या नावाजलेल्यांची सोय झाली. ज्यांना नावच नव्हतं त्यांच्यासाठी फ्लॅशपॉइंट नावाचा संग्रह आहे आणि फ्लॅशशिवाय ते गेम चालवणारा रफल आहे, तिथे चाळून बघा. द्वोर्स्कीच्याच मंडळींचे माशिनारियम (२००९) आणि बोटानिक्युला (२०१२) डोळे झाकून घ्या.

* * *

बर्फावरून घसरत जाणारा माणूस, आणि खूप पुढे गेलं की एक राखाडी राक्षस येऊन खातो. स्कीफ्री, १९९१. अख्खं लहानपण मला वाटत होतं की त्याच्यापासून सुटका नाही. एफ दाबला की आपण जास्त वेगाने पळतो, हे कुणीच सांगितलं नाही!

जुनी १६ बिटची प्रत आजच्या ६४ बिट विंडोजवर चालत नाही. मूळ लेखकाने ३२ बिटची केली आहे, ती घ्या.

* * *

माझा अजून बेपत्ता आहे. उंच इमारत, लिफ्ट आपण चालवायची, दर मजल्यावर दिवा लावत जायचं. सगळे दिवे लागले की एक मजला आपोआप अंधारतो आणि तिथे पुन्हा जावं लागतं. रंग सोळा असावेत. आवाज डब्यातल्या स्पीकरचा. एलिव्हेटर अॅक्शन नाही, त्यात गोळीबार आहे, यात कुणीच नव्हतं, फक्त लिफ्ट. फाइलचं नाव आठ अक्षरांच्या आतलं, शेवटी एक्स. एवढंच.

* * *

धागाकर्ते, तुमच्या चोराविषयी तीन प्रश्न. एका खोलीत भलंमोठं माशांचं भांडं होतं का, ज्यात उडी मारून मासे खायचे? दुसऱ्या खोलीत भोकाभोकाचं चीज आणि उंदीर? तिसऱ्या खोलीत पुस्तकांचं कपाट आणि कोळी?

असेल तर तो चोर नाही. ते मांजर आहे. अॅली कॅट, पीसीवर १९८४, बिल विल्यम्सचा. झाडू त्याच्या पायांचे ठसे पुसत फिरतो, म्हणून मागे लागतो.

* * *

चालू केला. मांजरच आहे. शेपूट आहे, कान आहेत, एवढं स्पष्ट मांजर मी आयुष्यात पाहिलेलं नाही. मासे होते, उंदीरही होते. दोन वेळा खिडकी साधली, दोन्ही वेळा झाडूने बाहेर काढलं.

लिफ्टवाल्या मित्रा, मजले किती होते आणि लिफ्ट दोरीवर हलताना दिसायची का, तेवढं सांग.