मानवीकृत उंदरांवर किती भिस्त ठेवायची?

खडूस: बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, मूत्राशयाच्या कर्करोगावर चालते, हे १९७६ साली मूत्ररोगतज्ज्ञ मोरालेस यांनी नऊ रुग्णांत दाखवलं. त्यासाठी मानवी पेशींचा उंदीर लागला नव्हता. आता इम्युनोथेरपीच्या (प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढवणाऱ्या उपचाराच्या) प्रत्येक प्रस्तावात तो हवाच! प्रतिकारशक्ती नसलेल्या एनएसजी जातीच्या उंदरात नाळेच्या रक्तातल्या मूळपेशी सोडायच्या, त्या रुजायला दहा-बारा आठवडे थांबायचं, मग गाठ लावायची. एवढं करून टी-पेशी (लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आपलं-परकं ओळखायला शिकतात कुठे, तर उंदराच्या थायमस ग्रंथीमध्ये. गाठ तिसऱ्याच माणसाची. एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, जुळत नाही, मग ती औषधाने आटली की परकी म्हणून, कसं ठरवणार?

पिपेट: अहो, पण साध्या उंदराला पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध देऊन काय मिळणार? ते उंदराच्या पीडी-१ला, म्हणजे टी-पेशींवरच्या ब्रेकला, चिकटतच नाही. शिवाय मूत्राशयाच्या कर्करोगाच्या प्रयोगांत सगळ्यांची लाडकी एमबी४९ गाठ मुळात नर उंदराची, आणि ती लावतात मादीत, कारण तिच्या मूत्राशयात कॅथेटर सहज जातो. परकेपणाची शंका तिथेही आहेच की. उपाय साधा आहे: त्याच दात्याच्या पेशी घातलेले, पण औषध न दिलेले उंदीर शेजारी ठेवा. दातेही अनेक घ्या.

खडूस: नाही पटत. पीडी-१चा ब्रेक सुटला की परक्या गाठीविरुद्धची लढाईच आणखी भडकते. औषध न दिलेल्या गटात ती दिसणारच नाही.

निरीक्षक: माद्यांचा विषय निघालाच आहे तर, हा आजार पुरुषांत तीन-चार पट जास्त. कुणालाच खटकत नाही?

मॅक्रोफेज: मला बीसीजीची जास्त काळजी वाटते. त्याचं पहिलं काम मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल या जंतू गिळणाऱ्या पेशींच्या जिवावर चालतं आणि एनएसजीत नेमक्या याच मानवी पेशी तोकड्या. एसजीएम३ जातीत मानवी सायटोकाइन (पेशींना निरोप देणारी प्रथिनं) असल्याने त्या वाढतात, पण ते उंदीर लवकर खंगतात. प्रौढ रक्तपेशी टोचल्या तर काम झटपट होतं, मात्र काही आठवड्यांतच त्या पेशी उंदरावरच उलटतात.

पिपेट: म्हणून उंदीरच नको? २००६ साली लंडनमध्ये टीजीएन१४१२ या टी-पेशींना चेतवणाऱ्या नव्या औषधाच्या चाचणीत सहा निरोगी स्वयंसेवक अत्यवस्थ झाले. माकडांना ते औषध सोसलं होतं! मानवी टी-पेशी सायटोकाइनचं वादळ उठवतात का, हे जिवंत शरीरात आधी बघायचं तर दुसरं काय आहे?

खडूस: त्यासाठी खुशाल वापरा. पण मग अर्जात ‘सुरक्षितता’ लिहा, ‘परिणामकारकता’ नको.

पिपेट: तसा अर्ज मंजूर करून दाखवा, मग बोलू.