भाड्याचं घर सोडून गाडीतच राहावं का? (रत्नागिरी) मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

मी मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. घर रत्नागिरीत भाड्याचं, पण महिन्यातले पंधरा-सोळा दिवस हर्णै, जयगड, देवगड, मालवण अशी फिरती असते. तांडेलाचा (बोटीच्या प्रमुखाचा) फोन आला की निघायचं आणि रात्र कुठल्या तरी लॉजवर काढायची. घरभाडं ८,५०० आहे. ऑगस्टअखेर करार संपतोय, मालकांनी पुढचे १०,००० सांगितलेत. लॉजचे सहा-सात हजार वेगळे. बायको शिवणकाम करते, ती अर्धा महिना घरात एकटी. पैशापेक्षा हेच दोघांना जास्त सलतं.

ओळखीतल्या एकाची टेम्पो ट्रॅव्हलर विकायची आहे. २०१६ ची, सव्वाचार लाख म्हणतोय. सीट काढून पलंग, ओटा, पाण्याची टाकी, शिलाई मशीनची जागा आणि छतावर सोलर असा बेत आहे. वेल्डिंग-वायरिंग मीच करणार, तरी अडीच लाख धरलेत.

ऑक्टोबर ते मे निभेल असं वाटतं. खरा प्रश्न पावसाचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणून गावी जाऊन राहा, असं भाऊ म्हणतो. पण बोटी किनाऱ्यावर घेऊन शाकारल्या (पावसासाठी झाकल्या) की इंजिनं उतरवून ओव्हरहॉल करायची कामं याच दिवसांत येतात, त्यामुळे मला बंदरावरच राहावं लागतं. धो धो पावसात दारं-खिडक्या बंद, आत दोघांचा श्वास आणि भाताची वाफ, बाहेर खारा वारा. पक्क्या घरातसुद्धा आषाढात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, मग पत्र्याच्या डब्यात काय होईल? आतून ग्लासवूल न लावता एसीच्या डक्टला वापरतात तो काळा नायट्राइल फोम पत्र्याला चिकटवायचा विचार आहे, कारण ग्लासवूल ओलं झालं की वाळत नाही आणि मागचा पत्रा सडतो. कुणी लावलाय का? जुलैत सोलरवर पंखा आणि दिवे तरी चालतात का?

गाडी उभी कुठे करायची, याची मला मनापासून भीती वाटते. २२ जुलै २०२१ ला मी चिपळुणात मावसभावाकडे होतो. वाशिष्ठीचं पाणी चढलं तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर गेलो आणि खाली उभ्या केलेल्या गाड्या तरंगताना बघितल्या. गाडीला वरचा मजला नसतो. त्यामुळे खाडीकाठी नको आणि दरडीखालीही नको. कुणाच्या तरी उंचावरच्या वाडीत महिन्याला काही देऊन, विजेचा एक पॉइंट घेऊन उभी करता येईल का? असं कुणी केलं असेल तर किती दिले, तेही सांगा.

पाण्याचं उलटं आहे. एवढा पाऊस पडतो, पण जांभ्यात पाणी टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांत टँकर येतो. तिथे परक्या गाडीने विहिरीवर टाकी भरणं मलाच पटत नाही. दोघांना काटकसरीने दिवसाला तीस लिटर धरलेत.

बायको तयार आहे, पण तिची एक अट आहे: संडास गाडीतच हवा, रात्री टॉर्च घेऊन बाहेर जाणार नाही. तिचं बरोबर आहे. टाकीवाला पोर्टेबल संडास बघितलाय. तो दर दोन-तीन दिवसांनी रिकामा कुठे करता? समुद्रात किंवा खाडीत मी टाकणार नाही, त्याच पाण्यावर माझं पोट आहे.

शेवटचं, कागदपत्रांचं. गाडी पिवळ्या पाटीची, म्हणजे व्यावसायिक नोंदणीची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल परस्पर करता येत नाही. आधी सीट काढली आणि नंतर नोंदणी अडली, तर सात लाख अंगणात उभे राहतील. शिवाय घर सोडल्यावर आधार, गॅस, बँक यांना गावचा पत्ता देणार, भावाची हरकत नाही.

आमचं मन सध्या इथे येऊन थांबलंय: आठ महिने गाडीत आणि पावसाचे चार महिने रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ एक खोली. पण चार महिन्यांसाठी खोली कोण देणार? आणि सामान ओल्या गाडीत ठेवून आपण खोलीत राहणं, हे तरी चालेल का?

गाडीवाल्याला येत्या रविवारी विसार द्यायचा आहे. पिवळ्या पाटीची गाडी राहण्यासाठी बदलून आरटीओत नोंद करून घेतलेली कुणी असेल, तर बाकी सगळं नंतर, तेवढं आधी सांगा.