शब्दचर्चा : न दिसणाऱ्या दुखण्याला काय म्हणायचं?

गेल्या आठवड्यात संध्याकाळी तुर्भ्याहून ठाण्याला येत होते. बायकांच्या डब्यात नेहमीसारखी गर्दी. घणसोली गेल्यावर पाय थरथरायला लागले, म्हणून समोर बसलेल्या मुलीला विचारलं, "थोडं बसू देशील का? मला बरं नाही." ती बिचारी लगेच उठली. पलीकडच्या बाईंनी मात्र मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "दिसत तर काही नाही."

त्यांच्यावर राग नाही. त्या बोलल्या ते खरंच होतं, काही दिसत नाही. मला शोग्रेन आहे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रुग्रंथींवर आणि लाळग्रंथींवर उठते. डोळे आणि तोंड कोरडं पडतं, सांधे धरतात, आणि झोपून उठल्यावरही अंगात त्राण नसतं. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने 1933 साली आपल्या प्रबंधात त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून हे नाव. पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो, साधारण दहा रुग्णांत नऊ बायका.

माझा प्रश्न शब्दाचा आहे. इंग्रजीत अशा आजारांना 'इनव्हिजिबल इलनेस' म्हणतात. मराठीत 'अदृश्य आजार' असं भाषांतर वाचलं, पण ते मला घशाखाली उतरत नाही. 'अदृश्य' म्हटलं की जादू, भूत, गुप्त झालेला राक्षस डोळ्यांपुढे येतो. म्हणजे जे नाही म्हणून लोक संशय घेतात, त्याच्याच जवळ हा शब्द जाऊन बसतो.

'दीर्घ आजार' म्हणावं, तर वर्तमानपत्रांनी तो शब्द आधीच अडवून ठेवलाय. 'दीर्घ आजाराने निधन' याखेरीज तो कुठे वाचलाय का? मी ऑफिसात तसा अर्ज लिहिला असता तर सहकारी भेटायला घरी आले असते. 'जुनाट आजार' म्हटलं की माळ्यावरच्या भांड्यासारखं वाटतं, शिवाय त्यात हेळसांड केल्याचा वास येतो. 'व्याधी' चालेल, पण तो शब्द तोंडी कोण वापरतं?

आणि एक वाक्प्रचार मला रोज भेटतो, 'अंगावर काढणं'. 'ताप अंगावर काढू नका' असे फलक आरोग्य केंद्रात असतात, ते बरोबरच आहे. पण अंगावर काढणं म्हणजे आज ना उद्या ते जाईल, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. जे जाणारच नाही, ते अंगावर काढायचं की अंगाखांद्यावर वागवायचं? 'मागे लागलं' म्हणतात, 'जडलं' म्हणतात. जडलं मला पटतं. खडा कोंदणात बसवावा तसं ते बसलंय.

गंमत अशी की आतल्या संवेदनांसाठी मराठीत शब्दांची ददात नाही. 'कणकण' घ्या. थर्मामीटर काही दाखवत नाही तरी अंगात कणकण असते, आणि आपली आई त्यावर विश्वास ठेवून मऊ भात टाकते. 'कसकस', 'मरगळ', 'शीण', 'गळाठा' हे सगळे न दिसणारेच. फक्त ते सगळे मिळून जे होतं, वर्षानुवर्षं राहतं, त्याला नाव नाही.

दुसरा प्रश्न डॉक्टरांसाठीच्या शब्दाचा. साडेचार वर्षं मी ठाण्यात आणि मुंबईत फिरले. रक्त, थायरॉइड, साखर, सगळं 'नॉर्मल'. हा शब्द आता मराठीच झालाय, पण त्याचा मराठीतला अर्थ मला उशिरा कळला. 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणजे एवढ्या तपासण्यांत काही सापडलं नाही. ऐकणारा मात्र ते 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं ऐकतो, आणि पुष्कळदा म्हणणाराही त्याच अर्थाने म्हणतो. एका ठिकाणी तर माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला सांगितलं गेलं, "जरा फिरवून आणा यांना कुठेतरी."

मग नौपाड्यात एका संधिवाततज्ज्ञ बाईंकडे गेले. दोन बोटं जाड झालेली फाइल त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती न उघडता बाजूला सरकवली आणि म्हणाल्या, "ही नंतर बघते. आधी तुम्ही सांगा." मी सांगत गेले. त्यांनी मध्ये एकच प्रश्न विचारला. "चहाशिवाय, पाण्याशिवाय नुसती खारी खाता येते?" मला ती दोन वर्षांत खाता आली नव्हती आणि ते सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. तिथे मला रडू फुटलं आणि डोळ्यांतून पाणी आलं नाही. त्या बघत राहिल्या. म्हणाल्या, "हेही कधीपासून?"

त्यांनी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे शर्मर चाचणी झाली. गाळणकागदाची 5 मिलिमीटर रुंदीची पट्टी असते, तिचं टोक दुमडून खालच्या पापणीत अडकवतात आणि 5 मिनिटं डोळे मिटून बसायचं. मग ती किती भिजली ते मोजतात. 5 मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर डोळा कोरडा. माझी उजव्या डोळ्याची पट्टी 3 भिजली होती, डाव्याची 2. मी ती पट्टी हातात घेऊन बघितली. टोकाला जरासा ओला रंग, बाकी कोरीच्या कोरी. तेव्हा पहिल्यांदा माझ्या आजाराचं काहीतरी मला डोळ्यांनी दिसलं. पुढे रक्ताच्या वेगळ्या तपासण्या झाल्या आणि निदान पक्कं झालं.

अशा डॉक्टरला काय म्हणायचं? 'काळजी घेणारा' म्हटलं की नर्स किंवा आया वाटते. 'प्रेमळ' अपुरं आहे, प्रेमळ डॉक्टरांनीही मला 'टेन्शन घेऊ नका' म्हणून परत पाठवलंय. 'हातगुण चांगला' म्हणावं, तर मी काही बरी झालेली नाही आणि पूर्ण बरी होणारही नाही. तुमच्याकडे शब्द असतील तर द्या.

*

कळव्याहून प्रतिसाद

ताई, शब्द आपल्याकडे आहे, फक्त वेगळ्या दुखण्याला वापरतो. मुका मार. रक्त नाही, जखम नाही, हाड मोडलेलं नाही, पण आत ठेचलेलं असतं. अपघाताच्या बातमीत 'मुका मार लागला' लिहितात आणि ते खोटं आहे असं कुणी म्हणत नाही. उलट जाणती माणसं म्हणतात, मुका मार वाईट, रात्री कळतो. मग 'मुकं दुखणं' का नाही म्हणायचं?

माझी आजी सावंतवाडीकडची. तिला काही व्हायचं तेव्हा ती 'अंग दुखतंय' कधी म्हणाली नाही. म्हणायची, "जीवाक बरा नाय." घरात त्यावर कुणी 'कुठे दुखतंय दाखव' असं विचारत नसे. जिवाला बरं नाही म्हणजे नाही, गोधडी अंथरून द्यायची. पुढे ठाण्यात राहायला आलो आणि आम्ही 'बॉडी पेन आहे' म्हणायला लागलो. तेव्हापासून जागा दाखवावी लागते.

*

वाशीहून प्रतिसाद

मी 31 वर्षं संस्कृत शिकवलं. तुमचा दुसरा प्रश्न वाचून राहवलं नाही.

शब्द आहे 'शुश्रूषा'. आपण तो 'आजाऱ्याची सेवा' या अर्थी वापरतो आणि बहुतेक वेळा चुकीचा लिहितो, 'सुश्रुषा' असा. पहिला श तालव्य, आणि 'श्रू' दीर्घ. हे शुद्धलेखनाच्या हट्टाने सांगत नाही, त्याशिवाय शब्दाच्या पोटातला अर्थ दिसत नाही म्हणून सांगते. मूळ धातू 'श्रु', ऐकणे. त्याला इच्छेचा प्रत्यय लागून शुश्रूषा होतो. जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा, पिण्याची इच्छा ती पिपासा, तशी ऐकण्याची इच्छा ती शुश्रूषा. सेवा हा अर्थ नंतरचा. तुमच्या डॉक्टरांनी फाइल बाजूला सरकवून 'आधी तुम्ही सांगा' म्हटलं, ती मूळ अर्थाने शुश्रूषा.

'चिकित्सा' हा त्याचाच चुलतभाऊ. पण तिथे वैयाकरण इच्छेचा अर्थ मानत नाहीत. पाणिनीचं सूत्र आहे, 'गुप्तिज्किद्भ्यः सन्'. गुप्, तिज्, कित् या तीन धातूंना हा प्रत्यय लागतो आणि तीन शब्द तयार होतात: जुगुप्सा, तितिक्षा, चिकित्सा. किळस, सोसणं आणि उपाय. वर्गात हे सूत्र घोकून घेताना मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. पुढे माझ्या धाकट्या बहिणीला ल्युपस झाला, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उठण्याचाच आणखी एक आजार, तेव्हा ते तीन शब्द एका ओळीत वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. लोकांची जुगुप्सा आणि स्वतःची तितिक्षा हे दोन्ही तिने चिकित्सेच्या आधी पाहिलं होतं.

'उपचार' हाही मूळ सेवेचा, आदरसत्काराचा शब्द. देवाच्या पूजेतले षोडशोपचार तेच. त्यातूनच 'औपचारिक' झाला, म्हणजे वरवरचा. दवाखान्यात यातलं कुठलं मिळालं ते पेशंटला बरोबर कळतं.

*

घणसोलीहून प्रतिसाद

'मुकं' या शब्दाला माझा विरोध आहे. माझ्या बायकोलाही ल्युपस आहे, नऊ वर्षं झाली. तिचं दुखणं मुकं नव्हतं. ती पहिल्या दिवसापासून बोलत होती आणि आम्ही ऐकत नव्हतो. मी स्वतः तिला एकदा म्हणालो होतो, "सोंग पुरे आता, पाहुणे यायचेत." ते वाक्य तिने कधी परत काढलं नाही, मला मात्र विसरता येत नाही. आजाराला मुकं म्हटलं की दोष आजाराकडे जातो, न ऐकणाऱ्याकडे जात नाही.

माझ्या मते 'आतलं दुखणं' म्हणावं. साधं आहे, लहान मुलालाही कळतं. आमची मुलगी शाळेत तसंच सांगते, "आईला आतलं दुखणं आहे, उन्हात जायचं नाही."

आणि सरकारी कागदावरचं नाव हा वेगळाच विषय आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले. मल्टिपल स्क्लेरॉसिस, पार्किन्सन, थॅलेसेमिया असे चटकन न दिसणारे आजार त्यात नावानिशी आहेत. ल्युपस आणि शोग्रेन त्या यादीत नावाने नाहीत. म्हणून नाव काय द्यायचं ही चर्चा मला फक्त शब्दांची वाटत नाही.

*

ठाणे पूर्वेहून प्रतिसाद

मी रुग्णालयात परिचारिका आहे, बाह्यरुग्ण विभागात. शब्द मोठा असो की छोटा, पेशंटने दारातून आत येताना कोणता शब्द आणला यावर पुष्कळ ठरतं. 'अंग दुखतं' असं सांगितलं की कागदावर तेवढंच उतरतं आणि गोळी लिहून होते. आपल्याकडे याहून नेमके शब्द आहेत, ते घरीच ठेवून येऊ नका.

ठणका म्हणजे नाडीबरोबर ठोके पडल्यासारखं दुखणं. चमक क्षणात येते आणि जाते. कळ लाटेसारखी येते, चढते, उतरते. रग ही एकाच स्थितीत राहिल्याने भरते आणि हललं की मोकळी होते. आग, मुंग्या, बधिरपणा हे नसांकडे बोट दाखवतात. सकाळी उठल्यावर बोटं 'आखडतात' की संध्याकाळी 'भरून येतात', हे सांगितलं तर डॉक्टरांचा विचार वेगळ्या दिशेने जाऊ शकतो. सकाळचा ताठरपणा अर्धा-पाऊण तासाहून जास्त राहत असेल, तर तेवढी वेळ मोजून सांगा. थकव्याबद्दल बोलताना 'थकते' एवढंच नको. 'पूर्वी दोन जिने चढून पाणी भरायचे, आता एका जिन्यावर बसते' असं सांगा.

डॉक्टर बाई ऐकत होत्या हे वाचून बरं वाटलं. पण आमच्याकडे एका सकाळी शंभराच्या वर केसपेपर असतात. ऐकायची इच्छा असलेले तरुण डॉक्टर मी पाहते, त्यांचा एक डोळा दाराबाहेरच्या रांगेवर असतो. त्यांच्या वतीने एवढं लिहिलं.

*

मूळ धागा लिहिणारीचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस हे प्रतिसाद परत परत वाचतेय.

घणसोलीचे दादा, तुमचं म्हणणं पटलं. मुका मार या शब्दावर माझं मन बसलं होतं, कारण त्याला विश्वास आपोआप मिळतो. पण मीही साडेचार वर्षं बोलतच होते. 'आतलं दुखणं' काल सासूबाईंसमोर वापरून पाहिलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "मग तसं सांगायचं ना आधी. मी आपली म्हणायचे, हिला कोरडं का पडतं सारखं." आणि रात्री माझ्या ताटात भाकरीऐवजी मऊ खिचडी होती, वर तूप.

वाशीच्या बाई, 'शुश्रूषा' मी आता बरोबर लिहिते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना त्याचा अर्थ सांगणार आहे. परिचारिका ताई, तुमचे शब्द वहीत उतरवून घेतलेत. माझी रग नव्हती, सकाळचं आखडणंच होतं, आणि ते मी कधीच मिनिटांत सांगितलं नव्हतं. आज मोजलं, पन्नास मिनिटं.

एक प्रश्न राहिलाच. स्टेशनवर, लिफ्टमध्ये, फोनवर लोक विचारतात, "बरी आहेस ना?" आपुलकीनेच विचारतात. 'बरी आहे' म्हटलं तर खोटं होतं. 'नाही' म्हटलं तर समोरच्याला दहा मिनिटं थांबावं लागतं आणि त्याची गाडी जाते. याच्या मधलं, खरं आणि छोटं उत्तर मराठीत आहे का? माझी आजी 'आहे तशी आहे' म्हणायची. तुमच्या घरात काय म्हणतात?