मदत हवी आहे: ग्रोथ हार्मोन दिल्यावर गायीच्या अंडाशयात नेमकं काय होतं?

नमस्कार मंडळी, पशुप्रजनन विषयात एमव्हीएससी करतेय आणि सेमिनारचा विषय आहे बीएसटी म्हणजे गायीचं ग्रोथ हार्मोन आणि अंडाशय. तीन आठवडे वाचतेय पण एका जागी अडकलेय. कालवडींना बीएसटी दिलं की ५ मिमीपेक्षा लहान फॉलिकलची (अंडपेशी असलेल्या पुटिकांची) संख्या बरीच वाढते, जवळजवळ दुप्पट, हे १९९०च्या दशकातल्या प्रयोगांमध्ये परत परत दिसलंय. पण त्याच कालवडींच्या रक्तात एफएसएच, एलएच (अंडाशयाला चालना देणारी पिट्युटरी ग्रंथीची हार्मोन्स) फारसं हललेलंच नाही. मग फॉलिकल वाढवले कुणी? बरं, थेट अंडाशयावर काम करत असेल म्हणावं तर ग्रोथ हार्मोनचे रिसेप्टर (हार्मोन पकडणारे पेशीवरचे रेणू) जास्त करून कॉर्पस ल्युटियममध्ये, म्हणजे अंड सुटल्यावर उरलेल्या फॉलिकलपासून बनणाऱ्या पिवळ्या ग्रंथीत सापडतात, फॉलिकलच्या आतल्या ग्रॅन्युलोसा पेशींत अगदी कमी.

आणि दुसरं, अमेरिकेत १९९४ पासून दुधासाठी दर १४ दिवसांनी ५०० मिग्रॅ देतात, तिथे लिहिलंय की माज नीट दिसत नाही, गाभण राहायला उशीर होतो, जुळी वाढतात. म्हणजे फॉलिकलची संख्या वाढते आणि प्रजनन बिघडतं, दोन्ही खरं कसं? प्लीज कुणीतरी समजावून सांगा, नुसतं पाठ करून बोलायचं नाहीये मला.

प्रतिसाद १:
तुम्ही अंडाशयातच शोधताय, जरा यकृताकडे बघा. ग्रोथ हार्मोन यकृताला आयजीएफ-वन (इन्शुलिनसारखा, पेशी वाढवणारा घटक) बनवायला लावतं, इन्शुलिनही वाढतं, आणि हे दोघं रक्तातून अंडाशयात पोचतात. ग्रॅन्युलोसा पेशी बाहेर कल्चरमध्ये वाढवल्या तर आयजीएफ-वन आणि इन्शुलिनने त्या छान वाढतात. म्हणजे आहे तेवढ्याच एफएसएचला फॉलिकल जास्त चांगला प्रतिसाद देतात, म्हणून एफएसएच न वाढताही संख्या वाढते. याचा उलटा पुरावा पण आहे, गायींच्या ब्रह्मन (Brahman) जातीत काही बुटकी जनावरं असतात ज्यांच्यात ग्रोथ हार्मोनचा रिसेप्टरच धड नसतो, त्यांच्यात हार्मोन भरपूर पण आयजीएफ-वन कमी आणि लहान फॉलिकलही कमी. सेमिनारमध्ये हे नक्की घ्या, माझ्या मते सगळ्यात पटणारा मुद्दा हाच आहे. सुपरओव्हुलेशनच्या (हार्मोन देऊन एकावेळी अनेक अंडी सोडवण्याच्या) आधी बीएसटी देऊन जास्त ओव्हुलेशन मिळवले तेही याच तत्त्वावर.

प्रतिसाद २:
वरचं बरोबर, फक्त एक दुरुस्ती, थेट काम अजिबात नाही असं लिहू नका. अंडपेशी आणि तिच्याभोवतीच्या क्युम्युलस पेशींत रिसेप्टर आहेत, आणि लॅबमध्ये अंडपेशी परिपक्व करताना ग्रोथ हार्मोन घातलं तर परिपक्वता लवकर येते.

आता दुसऱ्या प्रश्नाबद्दल. गाय कुठल्या अवस्थेत आहे ते आधी बघायचं. नुकती व्यालेली गाय ऊर्जेच्या तुटीत असते, यकृतातले रिसेप्टर कमी झालेले असतात, त्यामुळे तिच्या रक्तात स्वतःचंच ग्रोथ हार्मोन जास्त आणि आयजीएफ-वन कमी असतं. दुधाचा ताण वाढला की माज मंदावतो, हा भाग वेगळा. पण दूध देणाऱ्या गायींना ठरलेल्या वेळच्या कृत्रिम रेतनासोबत एकदा ५०० मिग्रॅ दिलं तेव्हा गाभण राहण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं, सतत उलटणाऱ्या (वारंवार रेतन करूनही गाभण न राहणाऱ्या) गायींतही. आणि गंमत नाही हं, दूध न देणाऱ्या गायींत तेच केलं तर प्रमाण कमी झालं, बहुधा त्यांचं आयजीएफ-वन आधीच पुरेसं होतं आणि ते गरजेपेक्षा जास्त वाढलं म्हणून.

मूळ धागाकर्ती:
बापरे, खरंच मनापासून आभार दोघांचे! मी कालवड आणि दुभती गाय एकाच तक्त्यात टाकून बसले होते, तिथेच घोळ झाला. आता दोन वेगळे तक्ते करते, लहान आणि मोठे फॉलिकलही वेगळे ठेवते, कारण वाढ मुख्यतः लहान्यांतच दिसते. एकच राहिलं, कॉर्पस ल्युटियममध्ये एवढे रिसेप्टर आहेत तर ती ग्रंथी बनवते त्या प्रोजेस्टेरॉनवर (गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनवर) परिणाम सगळ्या प्रयोगांत सारखा का दिसत नाही? यावर कुणी काम केलं असेल तर जरूर लिहा.