‘अंडरपरफॉर्म’ : तोटा की मागे पडणे?

प्रश्न (शाहूपुरी, कोल्हापूर) : आमच्या पतसंस्थेच्या सभासदांसाठी मी गुंतवणुकीविषयी एक पत्रक मराठीत लिहीत आहे. एखादा फंड किंवा एखादी कंपनी ‘अंडरपरफॉर्म’ झाली, असे म्हणतात तेव्हा ‘तोट्यात गेली’ असे लिहिले तर चालेल का? ‘असमाधानकारक कामगिरी’ हा पर्याय मला शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखा वाटतो.

उत्तर (राजारामपुरी) : ‘तोट्यात गेली’ असे कृपया लिहू नये. तोटा म्हणजे खर्च उत्पन्नाहून अधिक होणे किंवा गुंतवलेली मुद्दल घटणे, आणि तो त्या व्यवहाराच्या स्वतःच्या हिशेबात दिसतो. ‘अंडरपरफॉर्म’ला मात्र बाहेरचे माप लागते. समजा, एका फंडाने वर्षभरात १२ टक्के परतावा दिला आणि ज्या निर्देशांकाशी (निवडक शेअर्सच्या भावांवरून काढलेल्या बाजाराच्या मापाशी) त्याची तुलना होते तो त्याच काळात १५ टक्के वाढला, तर गुंतवणूकदाराचे पैसे वाढलेले असूनही फंड मागे पडला, असेच म्हणावे लागेल. उलट, पडत्या बाजारात निर्देशांक २० टक्के घसरला आणि फंड १५ टक्केच घसरला, तर तोटा होऊनही तो निर्देशांकाच्या पुढे राहिला. हे माप बदलले की निकालही बदलतो. म्हणूनच सेबीने (शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने) फेब्रुवारी २०१८ पासून फंडांची तुलना लाभांश धरून काढलेल्या निर्देशांकाशी करणे बंधनकारक केले. त्यापूर्वी लाभांश वगळलेल्या, म्हणजे सोप्या मापाशी तुलना होत असल्याने फंड होते त्याहून सरस दिसत.

माझ्या मते फंडासाठी ‘निर्देशांकाच्या मागे पडला’ आणि कंपनीच्या तिमाही निकालांसाठी ‘नफा अंदाजापेक्षा कमी भरला’ असे लिहावे. ‘अपेक्षाभंग’ हा शब्द मनाच्या अवस्थेचा आहे, ताळेबंदाचा नव्हे.

उत्तर (उद्यमनगर) : फाउंड्रीवाले आम्ही ‘यंदा धंदा कमी पडला’ एवढेच म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ते कळते. एवढा काथ्याकूट कशाला?

उत्तर (राजारामपुरी) : बोलताना ते पुरते, कारण गेल्या वर्षीच्या मानाने की ऑर्डरींच्या मानाने, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. छापील पत्रकात ते सांगावे लागते. आपल्याकडचा साखर उतारा, म्हणजे उसाच्या वजनातून मिळणाऱ्या साखरेची टक्केवारी, पाहा. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला उसाच्या क्विंटलमागे ३४० रुपये एफआरपी (कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा, केंद्राने ठरवलेला किमान दर) होती आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये वाढ होती. एखाद्या कारखान्याचा उतारा ११ टक्के आला, तर केंद्राच्या पायाहून तो वरच ठरतो. तरीही कोल्हापूर विभागात, जिथे उतारा राज्यात वरचढ असतो, सभासद त्याला ‘उतारा कमी पडला’ असेच म्हणतील, आणि त्यांचे चूक नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ब्रोकरच्या अहवालात शेअरपुढे नुसते ‘अंडरपरफॉर्म’ छापलेले असते, तिथेही ‘मागे पडला’ असेच लिहावे का?

उत्तर (राजारामपुरी) : नाही. तिथे तो शेरा भविष्याविषयीचा असतो, त्यामुळे भूतकाळ वापरल्यास अर्थच उलटतो. ‘बाजाराच्या मागे राहण्याची शक्यता’ असे लिहावे आणि कोणता काळ गृहीत धरला आहे, तो अहवालात दिलेला असल्यास त्याच ओळीत नोंदवावा.